जीर्ण झालेले शक्तिशाली मोटार-इंजिन : पुनर्बांधणी की बदल?
(परभणी परिसराच्या संदर्भात एक निर्णयविवेचन)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासात २००१ हे वर्ष एका वेगळ्या कारणासाठी नोंदवावे लागेल. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा या चेक कंपनीने मोटारनिर्मिती सुरू केली आणि ऑक्टाव्हिया ही गाडी भारतीय बाजारात आणली. पुढे २००४ मध्ये याच गाडीची 'आरएस' ही आवृत्ती आली. 'आरएस' म्हणजे 'रॅली स्पोर्ट'. १७८१ घनसेंटिमीटरचे, टर्बो बसविलेले, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले आणि सुमारे १५० अश्वशक्ती देणारे हे पेट्रोल इंजिन त्या काळातील सर्वसाधारण मोटारींच्या तुलनेत फारच जोमदार होते. परभणीहून जालनामार्गे संभाजीनगरला जाताना शेंद्रा वाटेतच लागते. आपल्या रस्त्याकाठी जुळलेली वेगवान गाडी आपल्या दारात असावी, असे त्या वेळी काही डॉक्टरांना, व्यापाऱ्यांना आणि एखाददुसऱ्या प्राध्यापकालाही वाटले, यात नवल नाही.

त्या गाड्या आज वीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांपैकी ज्या अद्याप चालू आहेत, त्यांच्या मालकांपुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. इंजिन थकले आहे. ते खोलून पुन्हा बांधावे, दुसरे आणून बसवावे, की गाडीच काढून टाकावी? प्रश्न वरवर मेकॅनिकचा वाटतो. परंतु त्यात धातुशास्त्र आहे, संभाव्यतेचे गणित आहे, मोटार वाहन कायदा आहे आणि आपण काय टिकवू इच्छितो याचा विचारही आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे निर्णयाच्या तर्करीतीवर येथे अधिक भर आहे. विवेचनासाठी वर उल्लेखिलेले इंजिन उदाहरण म्हणून घेतले असले, तरी ते थोड्याफार फरकाने कोणत्याही टर्बो इंजिनाला लागू पडेल.

इंजिन 'गेले' म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे 'इंजिन गेले' हा निदानाचा नव्हे, तर निकालाचा शब्द आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, दर महिन्याला तेल टाकावे लागले, की निकाल दिला जातो. वस्तुतः निळा धूर एवढेच सांगतो, की तेल कोठून तरी जळणाच्या वाटेत येत आहे. ते चार वाटांनी येऊ शकते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा अडकल्या असतील. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाले असतील. टर्बोच्या आसाजवळून तेल गळत असेल. किंवा क्रँककेसमधील वाफ बाहेर नेणारी नळी चोंदून आतला दाब वाढला असेल. पहिल्या कारणासाठी इंजिन खोलावेच लागते. चौथ्यासाठी एक नळी आणि एक लहानसा व्हॉल्व्ह बदलला की काम भागते. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण धूर मात्र सारखाच दिसतो.

धूर कधी येतो याकडे लक्ष दिल्यास पुष्कळसा उलगडा होतो. उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत आला, तर संशय व्हॉल्व्ह-सीलवर जातो. जोर देताना धूर सतत येत राहिला, तर रिंगा किंवा टर्बो. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी उघडून पाहिली आणि ती तेलाने ओली आढळली, तर पुढचा तपास टर्बो व क्रँककेसच्या नळीकडे वळवावा. पांढरा दाट धूर येऊन रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर तो हेड गॅस्केटचा किंवा तडा गेलेल्या हेडचा विषय आहे. काळा धूर हा झिजेचा नव्हे, जादा इंधनाचा पुरावा होय.

यानंतर मोजमाप. कॉम्प्रेशन चाचणी बहुतेक ठिकाणी होते, पण अनेकदा अर्धवट होते. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, इंधनपुरवठा बंद असावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडे असावे. या अटी पाळल्या नाहीत, तर आलेला आकडा निरुपयोगी ठरतो. शिवाय आकड्याच्या उंचीइतकाच चारही सिलिंडरांतील परस्पर फरक महत्त्वाचा असतो. चारही सारखेच थोडे उतरले असतील, तर ती वयाची झीज. तीन ठीक आणि एक निम्म्यावर असेल, तर तो अपघात आहे आणि त्याचे कारण शोधावे लागते. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून चाचणी पुन्हा घ्यावी. दाब वाढला तर रिंगा व बोअर दोषी. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. याहून अधिक बोलकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते ऐकणे. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरकडे आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीकडे आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. ही चाचणी करणारे यंत्र महाग नाही. तरीही ती क्वचितच केली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि ग्राहक त्या वेळेचे पैसे द्यायला तयार नसतो.

आमच्या परिचयातील एका प्राध्यापकांच्या २००५ च्या आरएस गाडीबाबत दोन ठिकाणी 'इंजिन बांधावे लागेल' असे सांगण्यात आले होते. तिसऱ्या ठिकाणी हवेची चाचणी झाली. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले आणि तेल टर्बोमधून येत असल्याचे स्पष्ट झाले. टर्बो दुरुस्त करून ती गाडी आजही चालते. हे एकच उदाहरण आहे आणि त्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही. मात्र तपासणीचे मूल्य किती असते, ते त्यावरून दिसते.

तेल खाण्याचे प्रमाणही मोजूनच ठरवावे. या घराण्यातील इंजिनांच्या मालक-पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचे तेल स्वीकारार्ह मानलेले आहे. आपल्याकडे पाव लिटर तेल घातले तरी मालक अस्वस्थ होतो. दुसऱ्या बाजूला, इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब घसरणे आणि खालून खणखण किंवा ठकठक ऐकू येणे, ही खरी धोक्याची चिन्हे होत. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग फिरले असेल, तर प्रत्येक जादा किलोमीटर क्रँक खराब करतो आणि पुनर्बांधणीचा खर्च वाढवतो. असा आवाज आल्यावर गाडी टोचन करूनच न्यावी.

टर्बो इंजिनाची झीज वेगळी का?

टर्बोचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याची एक बाजू एक्झॉस्टच्या तप्त वायूत असते. त्याला आधार आणि गारवा देण्याचे मोठे काम इंजिनाचे तेलच करते. लांबच्या प्रवासानंतर गाडी एकदम बंद केली, की तेथे अडकलेले तेल भाजून निघते व त्याचा कोळसा होतो. परभणीत उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्या उष्णतेत, तेल बदलण्याची मुदत लांबवली की हा गाळ अधिक झपाट्याने साचतो. १.८ लिटर टर्बो इंजिनांच्या बाबतीत तेलात गाळ साचण्याच्या तक्रारी परदेशातही नोंदल्या गेल्या आहेत. गाळाने तेल ओढणारी जाळी चोंदली, की आधी बेअरिंगे जातात. म्हणजे बोअर चांगला, हेड चांगले आणि क्रँक मात्र निकामी, अशी स्थिती उद्भवते. अशा इंजिनाला 'झिजलेले' म्हणणे शब्दशः चुकीचे आहे. ते तेलाअभावी मारले गेलेले असते. त्याची पुनर्बांधणी बहुधा फायद्याची ठरते, कारण महागडे भाग शाबूत असतात.

टायमिंग बेल्ट तुटल्याने होणारे नुकसान याच्या उलट असते. या इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात. बेल्ट तुटताच वीसपैकी अनेक व्हॉल्व्ह वाकतात. खालचा भाग बहुधा वाचतो आणि काम हेडपुरते राहते. पिस्टनच्या माथ्यावर खोल घाव आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे.

पुनर्बांधणी : परभणीची सवय आणि तिची मर्यादा

परभणी जिल्ह्यातील इंजिनविद्या मुख्यतः ट्रॅक्टर आणि शेतीच्या डिझेल पंपांवर वाढली. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड कोठेही जा, हंगामापूर्वी ट्रॅक्टरचे इंजिन बांधून देणारा जाणकार मिस्त्री सापडतो. हे कौशल्य खरे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ते ज्या यंत्रावर घडले त्या यंत्राची रचना वेगळी आहे. अनेक ट्रॅक्टर-इंजिनांत सिलिंडरच्या जागी काढता-घालता येणारा लायनर असतो. लायनर, पिस्टन आणि रिंगांचा जोड बाजारात तयार मिळतो. जुना उपसून नवा बसविला, की बोअर कारखान्याच्या मापाचा होतो. त्यामुळे 'बांधून घेणे' हा तेथे जवळजवळ नेहमीच योग्य पर्याय ठरतो. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या साध्या इंजिनाबाबतही ते पुन्हा पुन्हा बांधून चालविण्याचीच संस्कृती होती.

ऑक्टाव्हियाच्या इंजिनात असा लायनर नाही. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्येच ८१ मिलिमीटर व्यासाचा बोअर कातलेला आहे. तो झिजला तर ब्लॉकच मशिनवर चढवून मोठा करावा लागतो आणि त्या मापाचे पिस्टन आणावे लागतात. लोखंडी ब्लॉक असल्यामुळे हे शक्य आहे, ही त्यातील जमेची बाजू. काही आधुनिक ॲल्युमिनियम ब्लॉकच्या आतील भिंतीवर केवळ एक कठीण थर दिलेला असतो आणि तेथे रिबोअर हा पर्यायच साध्या कारखान्यात उरत नाही. जमेची बाजू एवढीच. बोअर किती झिजला, गोलाई किती बिघडली, वर-खाली व्यासात किती फरक पडला, हे तीन उंचींवर व दोन दिशांनी मोजावे लागते. येथे निर्णय मिलिमीटरच्या शतांशावर ठरतो. मानवी केसाच्या जाडीएवढा फरकही बोअर बाद करू शकतो. आधी पिस्टन हातात घ्यावा, त्याचे प्रत्यक्ष माप घ्यावे आणि मग त्या मापाला बोअर कातावा, हा क्रम आहे. तो उलटा झाला तर नवे इंजिन पहिल्याच महिन्यात तेल खाऊ लागते.

टर्बो इंजिनात आणखी एक बाब असते. उष्णता अधिक असल्याने रिंगा अधिक फुलतात, म्हणून त्यांच्या टोकांमधील फट साध्या इंजिनापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते. ती फार कमी राहिली तर पूर्ण जोरात रिंगेची टोके एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनचा काठ फुटतो. सवयीने बसविणारा आणि पुस्तिका पाहून बसविणारा यांच्यातला फरक अशा जागी दिसतो. म्हणून कारागीर निवडताना 'किती इंजिने बांधली?' यापेक्षा 'बोअर गेज आणि टॉर्क रेंच आहे का, मोजमाप लिहून द्याल का?' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. जो लिहून देतो त्याला काम द्यावे, मग तो परभणीत असो वा संभाजीनगरला. ब्लॉक, क्रँक आणि हेडचे मशिनकाम बाहेर पाठवून जुळवणी येथे करणे हाही चांगला मध्यममार्ग आहे.

बदली इंजिन : नाव तेच, वंश वेगळा

नवे इंजिन कंपनीकडून मागविणे हा पर्याय या वयाच्या गाडीबाबत जवळजवळ कागदावरच उरतो. व्यवहारात 'बदली इंजिन' म्हणजे अपघातग्रस्त किंवा मोडीत निघालेल्या गाडीचे काढलेले इंजिन. मुंबईच्या कुर्ल्यातील सीएसटी रोड अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील इंजिन स्वस्त असते, लगेच मिळते आणि चार दिवसांत गाडी रस्त्यावर येते. मात्र त्याचा पूर्वेतिहास विक्रेत्यालाही ठाऊक नसतो.

दुसरी अडचण वंशावळीची. '१.८ टर्बो' हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. युरोपातील ऑक्टाव्हिया आरएस १८० अश्वशक्तीची होती, भारतातील १५०. या कुळात टर्बो, कॉम्प्रेशनचे प्रमाण, रॉड, सेन्सर आणि हेडमधील हवेच्या वाटा यांत भेद आहेत. म्हणून इंजिनावर कोरलेली सांकेतिक अक्षरे आपल्या गाडीशी जुळतात का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. आपला मूळ नियंत्रक संगणक कायम ठेवावा, कारण चोरीविरोधी कुलूप त्याच्याशी जोडलेले असते. शक्य असेल तर संप उघडून तळाचा गाळ आणि एखादे बेअरिंग पाहू देण्याची अट घालावी. विक्रेता नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

तिसरी बाजू कायद्याची. इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो. आपलाच ब्लॉक ठेवून पुनर्बांधणी केली तर क्रमांक बदलत नाही. नोंदणी प्रमाणपत्राला धक्का लागत नाही. दुसरे इंजिन बसविले की क्रमांक बदलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावा लागतो आणि त्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिलेली आहे. निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केली आहे. म्हणजे त्याच प्रकारचे इंजिन ही एक गोष्ट आणि अधिक ताकदीचे इंजिन ही अगदी वेगळी गोष्ट. 'एमएच-२२' च्या गाडीत कुर्ल्याचे इंजिन बसवताना खरेदीची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेणे यासाठी आवश्यक आहे. ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही. विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवावा. अन्यथा दाव्याच्या वेळी क्रमांक जुळत नसल्याचा आक्षेप येऊ शकतो.

निर्णयाचे गणित

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. समजा, काळजीपूर्वक पुनर्बांधणीस १,८०,००० रुपये लागतात आणि ते इंजिन आठ वर्षे टिकते. पाचात एकदा काम चुकून ६०,००० रुपये जादा लागतात. म्हणजे अपेक्षित खर्च १,९२,००० रुपये, वर्षाला २४,०००. दुसरीकडे, जुन्या बाजारातील इंजिन बसवून १,००,००० रुपयांत मिळते. चांगले निघाले तर पाच वर्षे चालते. वाईट निघाले तर अखेर आपलेच मूळ इंजिन बांधावे लागते.

गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल, तर बदली इंजिन वाईट निघण्याची शक्यता किती असताना दोन्ही पर्याय समान ठरतात? ही शक्यता 'श' मानल्यास बदलीचा अपेक्षित खर्च १,००,००० + १,९२,००० × श आणि अपेक्षित वर्षे ५ + ३ × श. खर्चाला वर्षांनी भागून ते २४,००० बरोबर मांडले, की श = १/६ येते. सहांत एकापेक्षा जास्त इंजिने वाईट निघत असतील तर पुनर्बांधणी स्वस्त पडते. शक्यता निम्मी असेल तर बदलीचा वार्षिक खर्च तीस हजारांवर जातो.

आता गाडी पाचच वर्षे ठेवायची आहे असे मानू. मग आठ वर्षे टिकणाऱ्या कामाची शेवटची तीन वर्षे आपल्या उपयोगाची नाहीत. तुलना सरळ होते : १,९२,००० विरुद्ध १,००,००० + १,९२,००० × श. येथे सीमारेषा ०.४८ वर येते. म्हणजे जवळजवळ निम्मी इंजिने वाईट निघाली तरी बदलीच परवडते! इंजिने तीच, भाव तेच. केवळ मालकाचा इरादा बदलला आणि उत्तर उलटले. 'बांधू की बदलू?' असे मेकॅनिकला विचारणारा मालक गाडी किती वर्षे ठेवणार हे सांगत नाही, आणि मेकॅनिकही विचारत नाही.

या गणितात गेल्या वर्षी घातलेल्या टायरांचा, क्लचचा आणि म्युझिक सिस्टिमचा खर्च कोठेही नाही, आणि तो नसावा. ते पैसे दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. विद्यार्थ्यांना बुडीत खर्चाची संकल्पना शिकविणारे आपण स्वतःच्या गाडीपुढे तीच विसरतो. मात्र गाडीविषयीचा जिव्हाळा हा बुडीत खर्च नाही. मूळ क्रमांकाचे, स्वतः जपलेले इंजिन ठेवण्यात मालकाला समाधान मिळत असेल, तर त्या समाधानाची किंमत त्याने उघडपणे मांडावी आणि मोजावी. ती दुरुस्तीच्या बिलात लपवू नये.

गाडीचे वय

पाच वर्षे हा आकडा वर सहज घेतलेला नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणून २००५ च्या गाडीचा मालक स्वाभाविकपणे पाच वर्षांच्या टप्प्यात विचार करतो. नूतनीकरणाच्या आदल्या वर्षी मोठे इंजिनकाम काढू नये. चेसिस, तळाचा गंज आणि गिअरबॉक्स पाहून आधी नूतनीकरण होईल याची खात्री करून घ्यावी. ज्या गाडीचा सांगाडाच गंजला आहे तिच्यात नवे बांधलेले इंजिन ठेवणे व्यर्थ आहे.

इंधनही बदलले आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्यामुळे टर्बो इंजिनातील ठोका टाळण्यास त्याची मदतच होते. परंतु २००४-०५ च्या गाडीतील रबरी नळ्या, इंजेक्टरच्या रिंगा आणि पंपाचे सील या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. पुनर्बांधणी असो वा बदली, इंजिन बाहेर निघालेले असताना हे भाग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. त्याच वेळी तेल ओढणारी जाळी, टर्बोची तेलनळी, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही बदलावा. जुनी चोंदलेली तेलनळी नव्या इंजिनाला लावली तर टर्बो पुन्हा जातो. पहिल्या हजार किलोमीटरांत पूर्ण जोर देऊ नये, एकाच वेगात तासन्‌तास चालवू नये, आणि त्यानंतरचे पहिले तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात धातूचा चुरा आहे का, हे स्वतः उजेडात पाहावे.